वीस धारांचा फोटो

आमच्या मानपाड्याच्या घरी बसायला जागा भरपूर होती, पण तिचा उपयोग एकटे बाबा करत. ओटीवरचा बाक, विहिरीजवळचा दगड, गोठ्याचा उंबरा, पेंढ्याच्या गंजीची सावली, अशी त्यांची दिवसभरातली ठरलेली ठिकाणं होती आणि ऊन फिरेल तसे ते फिरत. आये मात्र कधी बसलेली दिसायची नाही. जेवतानासुद्धा ती उकिडवी बसे, म्हणजे मध्येच कुणाला भाकरी, कुणाला कालवण, वासराला पेज द्यायला उठणं सोपं. गरम तांदळाची भाकरी, तिच्यावर भाजलेला बोंबील आणि ठेचलेला कांदा, एवढं जेवण ती अर्धं चुलीपाशी आणि अर्धं अंगणात उरकायची. मी हिरा, घरातलं शेंडेफळ. डोंबिवलीच्या शाळेत जाणारी आणि दादा बोटीवर गेल्यापासून घरात लिहिता-वाचता येणारी एकटीच. म्हणून मला बसायची थोडी मुभा होती, तीही हातात पुस्तक असेल तरच.

आमचा गोठा घरापेक्षा मोठा होता. पुढच्या निम्म्या भागात म्हशी, मागच्या निम्म्यात भाताच्या कणग्या. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, आतबाहेर शेणानं लिंपलेली, माझ्याहून उंच अशी भली थोरली टोपली. अशा सहा कणग्या तिथं पोट पुढं काढून उभ्या असत. वर माळ्यावर पेंढा. खिडकी एकही नाही. एक मोठं दार, आणि छपरात एकच काचेचं कौल, त्यातून दुपारी भाकरीएवढा उजेडाचा तुकडा जमिनीवर पडून हळूहळू सरकत जाई. बाहेरून आत शिरलं की आधी नुसतं उभं राहायचं. मग ऐकू यायला लागायचं. म्हशींचं रवंथ, पेंढ्यातली उंदरांची खुसफूस, आणि कुठंतरी आयेच्या बांगड्या. ती नेमकी कुठं आहे ते दिसायच्या आधी बांगड्यांवरून कळे. दिसायला लागेपर्यंत ती तिथून दुसरीकडं गेलेली असे.

हा गोठा पाडायचा असं बाबांनी एका सकाळी बाकावर बसून ठरवलं. मुंबईला नोकरी करणारी माणसं डोंबिवलीत खोल्या शोधत फिरत होती. बाबांचं म्हणणं, हे लोक स्टेशनापासून सरकत सरकत आपल्यापर्यंत येणार. म्हणून गोठ्याच्या जागी आठ खोल्यांची चाळ. म्हशी तीन विकायच्या, एक ठेवायची. शिमगा झाला की कौलं उतरवायची. (बाबांचा अंदाज चुकला नाही, पण घाई मात्र झाली. माणसं सरकत यायला पुढं बरीच वर्षं लागली. तोवर पहिल्या खोलीत आमच्या कोंबड्या राहिल्या, आणि आये त्यांना “भाडेकरू” म्हणायची.)

महिन्याभरानं दादाचं पत्र आलं. माझा थोरला भाऊ काशिनाथ बोटीवर खलाशी होता आणि जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याची पत्रं मी मोठ्यानं वाचायची, बाबांनी बाकावरून ऐकायची आणि आयेनं काम करता करता. गोठा पाडणार असं मी त्याला कळवलं होतं, त्यावर त्यानं लिहिलं होतं, “पाडायच्या आधी आतून एक फोटो काढून पाठव. आणि त्यात आये पाहिजे. इथं डोळे मिटले की आये दिसते, पण पाठमोरी. तिचं तोंड काही केल्या आठवत नाही.” आये अंगणात वाल निवडत होती. ती म्हणाली, “पाठीवं बांधूनच शेतान नेयाची त्याला. त्याला पाठच आठवंल.” आणि निवडलेले वाल घेऊन आत गेली. पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

आयेचा एकही फोटो नव्हता. लग्नात कुणी काढला नाही, नंतर कुणाला सुचलं नाही. दादा परत यायला अजून वर्षभर होतं. मी ठरवलं की त्याला आयेचं तोंड पाठवायचंच. पंधरा वर्षांची मुलगी काही ठरवते तेव्हा घरात कुणी तिला विचारत नाही, त्यामुळं अडवतही नाही.

आमच्या शाळेत चित्रकलेला खांबेटे सर होते. उंच, किडकिडीत, बोटांना कायम रंग लागलेला. त्यांच्याकडं घडीचा कॅमेरा होता, पेटीसारखा उघडला की आतून भाता बाहेर यायचा. फोटो धुवायचं काम ते आपल्या भाड्याच्या खोलीतल्या न्हाणीघरात करत, आणि त्यापायी सरांच्या घरी रविवारी सगळ्यांच्या आंघोळी उशिरा होत. मी त्यांना गोठ्याचं सांगितलं तर ते एकदम खूश झाले. “अंधारातला फोटो! अगं, उन्हातले फोटो कुणीही काढतं,” म्हणाले. पण फिल्मवर दोनच फोटो शिल्लक होते आणि नवी फिल्म ते दिवाळीशिवाय घेत नसत. “दोन्ही तुझे,” ते म्हणाले.

रविवारी सर चालत आमच्याकडं आले. आयेनं त्यांच्यापुढं पेलाभर धारोष्ण दूध ठेवलं. तिच्या मनात मास्तर म्हणजे उपाशी माणूस. सरांनी गोठ्यात डोळे सरावू दिले, इकडंतिकडं पाहिलं आणि कॅमेरा दगड भरलेल्या रॉकेलच्या डब्यावर बसवला. मला समजावून सांगितलं की इथं उजेड इतका थोडा आहे की कॅमेऱ्यानं डोळा उघडा ठेवून तो थेंब थेंब गोळा करायला हवा. शंभर आकडे मोजेपर्यंत. तेवढा वेळ आयेनं पाटावर बसून राहायचं, हलायचं नाही. आयेनं मान डोलावली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती पाटावर बसली. मी बाबांना “तुम्ही बाहेर थांबा” असं सांगितलं, ते “हां” म्हणाले. सरांनी तारेचा खटका दाबला आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून, डोळे मिटून, मोठ्यानं आकडे मोजायला लागले. ते म्हणत, आपण बघत राहिलो की माणसं अवघडतात.

दहापर्यंत आये बसली. अकराव्या आकड्याला तिनं शेजारचं सूप ओढलं आणि भात पाखडायला लागली. मी डोळे मोठे केले, हात हलवले. तिनं मलाच डोळ्यांनी गप्प केलं. चाळीसला ती उठून वासराला बाजूला करून आली. साठला पुन्हा सूप. सरांच्या मोजण्यात मध्ये बोलायची माझी हिंमत झाली नाही. शंभर झाले, खटका मिटला. सर वळून म्हणाले, “छान बसलात हो काकू.” आये म्हणाली, “तर काय!”

पुढच्या रविवारी सरांनी फोटो दिला तेव्हा त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. गोठा असा आला होता की काय सांगू! कणग्यांची वीणसुद्धा मोजून घ्यावी. माळ्यावरचा पेंढा, काचेच्या कौलातून उतरलेला उजेडाचा पट्टा, म्हशींच्या पाठी, सगळं. पाट होता. पाटावर आये नव्हती. तिथं पातळ धुकं होतं, चूल विझवल्यावर राहतं तसं, आणि त्यातून मागची कणगी दिसत होती. आणि मोठ्या दारात, दोन्ही हात कमरेवर ठेवून, मिशीच्या केसापर्यंत स्वच्छ, बाबा उभे होते. ते बाहेर थांबलेच नव्हते. दारात येऊन शंभर आकडे काहीही न करता उभे राहिले होते, आणि या कामात त्यांचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कुणी नव्हता.

बाबांना फोटो फार आवडला. शेजारच्या बायका येऊन पाहून गेल्या आणि पाटावरच्या धुक्याकडं बोट दाखवून “यो काय?” विचारू लागल्या. आये रागावली. “मी हुते की तिथं! निम्मी पाटी पाखारली मी!” मी तिला सांगितलं की म्हणूनच तू आली नाहीस. जो थांबतो तोच उमटतो. हे तिला भयंकर अन्यायाचं वाटलं. “म्हंजे काम करनारी बाय दिसाची नाय, आन हे दिसाचे?” तिनं बाबांकडं हात केला. मी विचारलं, पण तू बसली का नाहीस? तेव्हा खरं कारण बाहेर आलं. फोटो बोटीवर जाणार. तिथं दादाचे साहेब बघणार, बरोबरीचे खलाशी बघणार. “लोकां काय बोलतीन? काशाची आये बसून खाते?”

बसलेलं दिसू नये म्हणून ती हलत राहिली, आणि हलत राहिली म्हणून दिसलीच नाही. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. एकच फोटो शिल्लक होता; सरांनी फिल्म अंधारात कापून वापरलेली तेवढीच धुतली होती. आठवड्यानं कौलं उतरवणारे येणार होते. त्या दिवशी दिवसभर मी तिला बसवायची तालीम घेतली. बारा आकड्यांच्या पुढं ती एकदाही गेली नाही. एकदा कोंबडी आडवी गेली, एकदा दूध उतू जाईल असं वाटलं (दूध चुलीवर नव्हतंच), आणि एकदा ती नुसतीच उठली, का ते तिलाही सांगता येईना. आज माझी नात मिट्ट काळोखात फोनवर माझे फोटो काढते आणि “आजी, हलू नकोस” म्हणते. गुडघ्यांच्या कृपेनं मी आता हलत नाही, त्यामुळं माझे फोटो उत्तम येतात. आयेचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते.

उपाय सापडला तो शोधून नव्हे. बुधवारी संध्याकाळी मी गोठ्यात गेले तेव्हा आये मोगरीची धार काढत होती. मोगरी आमची सगळ्यात लहरी म्हैस. जरा खुट्ट झालं की पान्हा चोरायची. म्हणून तिची धार काढताना आये तिच्या कुशीला कपाळाची एक बाजू टेकवून, श्वासही हळू घेऊन बसायची. हात तेवढे चालत. बाकी आये दगडासारखी स्थिर. रोज दोन वेळा हे माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. मी तिथूनच ओरडणार होते, पण मोगरीच्या भीतीनं गप्प राहिले आणि धार संपल्यावर ओरडले.

धार काढणं हे काम होतं, त्यामुळं आयेची अब्रू शाबूत राहत होती. सरांना मी सगळं सांगितलं तर ते म्हणाले, या वेळी म्हैस दाराशी बांध, कॅमेरा जवळ घे, भिंगाचं भोक मोठं उघडू, म्हणजे दहाएक सेकंदांत काम होईल. फक्त आत उजेड फेकायला काहीतरी पांढरं हवं. आणि सर स्वतः आत येऊ शकत नव्हते. परक्या माणसाचा वास आला की मोगरीचं दूध आटलंच म्हणून समजा. म्हणजे खटका मीच दाबायचा.

रविवारी सकाळी ऊन दारापर्यंत पोचेस्तोवर आम्ही मोगरीची धार अडवून ठेवली. तिनं सगळा मानपाडा डोक्यावर घेतला. अंगणात बाबा त्यांचं लग्नकार्यातलं पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून उभे होते, सरांनी दाखवलं तसं तिरकं, म्हणजे त्यावरचं ऊन आत आयेच्या तोंडावर पडेल. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, “काय रं, धोतर वालत घालतंस का?” बाबा हलले नाहीत. “फोटो काढतंय,” असं त्यांनी नुसत्या ओठांनी सांगितलं. दुसरं टोक धरून सर उभे होते.

आत मी डब्यामागं गुडघ्यांवर बसले होते. आयेनं पदर खोचला, चरवी मांडीत धरली, कपाळ मोगरीच्या कुशीला टेकवलं आणि मी सांगितलं होतं तसं तोंड माझ्याकडं ठेवलं. धोतरावरचं ऊन तिच्या गालावर आलं. पहिल्या धारा रिकाम्या पितळेत टणटण वाजल्या. त्या मी सोडून दिल्या. मग दूध साचून आवाज मऊ झाला, मोगरी शांत झाली, आणि मी खटका दाबला. आकडे मोजायला तोंड उघडायची सोय नव्हती. मी धारा मोजल्या. सर्र, सर्र, सर्र. वीस. तेवढा वेळ आये माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत होते की नाही, मला आठवत नाही. माझं सगळं लक्ष धारांत होतं.

तिला मी पाहिलं ते चार दिवसांनी, सरांच्या न्हाणीघरात. लाल कागद लावलेला दिवा, फरशीवर औषधाच्या तीन थाळ्या, आणि बिस्किटाच्या डब्यातून सरांनी बनवलेलं फोटो मोठा करायचं यंत्र. सरांनी गोठा सोडून आयेचं तोंड आणि धारेचे हात एवढंच कागदावर पाडलं आणि कागद थाळीत बुडवला. आधी काहीच नव्हतं. मग सगळ्यात आधी कुंकू उगवलं, काळंभोर. मग डोळे. मग मोगरीचं पोट, नथ, गाल. हातांच्या जागी फक्त पांढरा फराटा होता. पण तोंड आलं होतं. थकलेलं, जरासं हसू दाबलेलं, सुंदर तोंड. सर म्हणाले, “वा, हिरा!” मी थाळीवर वाकले. आयेची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. तिथं केस नव्हते, जुना व्रण होता. पंधरा वर्षं मी तिच्याच घरात राहत होते, तिच्या हातचं खात होते, आणि हे मला माहीत नव्हतं. दादा लांब होता म्हणून विसरला. मी तर कधी पाहिलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

घरी जाऊन मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं हात लुगड्याला पुसले आणि बराच वेळ पाहिला. “बरी हाय की,” म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल. मी भुवईवर बोट ठेवलं. “हे कशानं?” तिनं आधी बाबा कुठं आहेत ते बघितलं. ते विहिरीजवळ होते. मग हळू आवाजात सांगितलं. दादा सहा-सात वर्षांचा असताना गोठ्यामागं विटीदांडू खेळत होता. ही पेंढ्याचा भारा घेऊन कोपऱ्यावरून आली आणि विटी नेमकी भुवईत. रक्ताची धार लागली. दादा घाबरून पळाला. बाबांचा हात तेव्हा फार भारी होता, म्हणून तिनं सगळ्यांना सांगितलं की गोठ्याची चौकट लागली. बाबांनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून चौकट वीतभर उंच करून घेतली. “पोराला वाटलं आसंल, मना कला नाय कोनी मारला,” ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून खुदखुदून हसली.

मग एकदम थांबली. “हिरू, यो फोटो त्याला नको धारू.” का नको धाडू? तर त्याला भुवई दिसेल, आठवेल, परक्या मुलखात एकटा असताना जिवाला लावून घेईल. मी म्हटलं, अगं तुझं तोंड बघायला तो आसुसलाय. तिनं विचार केला. फोटोवाले लग्नाच्या मुलींच्या तोंडावरचे देवीचे वण पेन्सिलीनं घालवतात, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. “मास्तर चित्रा काढतान ना? त्यांना सांग, पेनसलीनं भुवय जोरून द्या. मंग धार.”

सर लगेच तयार झाले. पेन्सिलीला बारीक टोक काढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्यांना ते पाच मिनिटांचं काम होतं. मी फोटो त्यांच्यापुढं ठेवला आणि परत उचलला. का ते मला नीट सांगता येणार नाही. दादानं तोंड मागितलं होतं. जोडलेल्या भुवईचं तोंड आयेचं नव्हतं, आणि इतक्या खटपटीनं, मोगरीच्या, बाबांच्या धोतराच्या आणि माझ्या गुडघ्यांच्या जिवावर मिळवलेलं तोंड मला कुणालाही खोडू द्यायचं नव्हतं. मी सरांसमोरच तो पाकिटात घातला. घरी आयेला सांगितलं, “जोडली.” तिनं विचारलं, “कलाला येत नाय ना?” मी म्हटलं, “अजिबात नाही.” आयेशी इतकं सरळ तोंड ठेवून मी खोटं बोलले ते आयुष्यात त्या एकाच वेळी. म्हणजे, इतकं सरळ.

गोठा पडला. कौलं उतरली तशी आतल्या अंधाराला वाट मिळाली आणि दोन दिवसांत तिथं नुसतं उघडं मैदान राहिलं. मोगरी राहिली, बाकीच्या तिघी गेल्या. माझं मात्र लक्ष पोस्टमनकडं. दादाला वाईट वाटलं तर ते माझ्यावर येणार होतं, आणि पत्र वाचून दाखवणारीही मीच होते.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा पत्र आलं. बाबा बाकावर, आये दारात कोलंबी सोलायला. मी वाचायला लागले. फोटो मिळाला, सगळ्यांनी पाहिला, एका खलाशानं म्हशीची चौकशी केली. पुढची ओळ मी मनात वाचली आणि थांबले. आयेनं मान वर केली. “वाच की गो.” गाळून पुढं जाता आलं असतं. मी वाचली.

“आयेला विचार, भुवई आता दुखत नाही ना? विटी माझीच होती. ती चौकटीचं नाव सांगते हे मी पेंढ्याच्या गंजीमागून ऐकलं होतं. मला बोलायचा धीर झाला नाही, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाकडं सरळ बघायचाही झाला नाही. फोटोत पहिल्यांदा बघितलं.”

बाबा बाकावरून उठले. बाबा पत्राच्या मध्ये उठतात हे मी तेव्हाच पाहिलं. ते आयेपर्यंत आले, तिचं तोंड उजेडाकडं वळवून भुवई बघितली आणि एवढंच म्हणाले, “आन मी चौकट कापली!” आयेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. कोलंबीचे हात तसेच वर धरून तिनं माझ्याकडं पाहिलं. “तू जोरलीच नाय?”

“नाही,” मी म्हटलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं मनगटानं डोळे पुसले. “कागद घे,” म्हणाली. मी दौत-टाक घेऊन तिच्यासमोर बसले. “लिव त्याला, दुखत नाय. तवाबी जास्त नवता दुखला.”

मी टाक थांबवून विचारलं, “खरंच नव्हतं दुखलं?”

“लिव गो तू,” आये म्हणाली.